सातव्या आज्ञेपाशी

इसवी सन दोन हजार तेवीस, डिसेंबर महिन्याची दुसरी तारीख, शनिवार. स्थळ नांदेड, ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या आवारालगतचे शमुवेल दगडोबा सोनकांबळे यांचे घर. त्या दुपारी त्या घरात ज्या प्रश्नाचा निर्णय व्हायचा होता, तो एका वाक्यात मांडता येण्यासारखा होता. शमुवेलरावांचा मुलगा शांतवन, ज्याला डॉक्टरांनी आता औषधाचा उपयोग नाही असे सांगून घरी पाठवले होते, त्याला मरणापूर्वी प्रभूच्या मेजावरची भाकर द्यायची की नाही?

प्रश्न सोपा नव्हता, कारण शांतवनला त्या मेजावरून कोणी कधी उठवलेच नव्हते. तो आपण होऊन उठला होता.

या मंडळीत एक चाल आहे. ती शमुवेलरावांच्या वडिलांनी, म्हणजे दगडोबांनी घालून दिलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या मरणाच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, असते आणि त्याच्या आदल्या दिवशी तयारीची उपासना. त्या उपासनेत दहा आज्ञा एकेक करून, मध्ये थांबत वाचल्या जातात. जी आज्ञा ज्याच्या मनाला बोचेल त्याने त्या आज्ञेला उठावे, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसावे, आणि दुसऱ्या दिवशी मेजाकडे येऊ नये. कोणी कारण विचारायचे नाही. आईशी अबोला धरलेला मुलगा पाचव्या आज्ञेला उठे; शेजाऱ्याच्या बांधावर डोळा ठेवणारा दहाव्या आज्ञेला. पुढच्या महिन्यात, भांडण मिटल्यावर, तीच माणसे पुन्हा पुढे बसलेली दिसत. दगडोबांच्या मनात शिक्षा नव्हती. माणसाने स्वतःशी खरे बोलावे, इतकेच होते.

शांतवन लोह्याला राहू लागला, विहिरींच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचा धंदा करू लागला, आणि तिथे चांगुणा नावाच्या विधवेबरोबर त्याने संसार मांडला. त्यानंतरही दर महिन्याच्या त्या शनिवारी तो एस. टी. ने नांदेडला येई, वडिलांसमोर पहिल्या ओळीत बसे, सातवी आज्ञा, 'व्यभिचार करू नको', वाचली जाताच उठे आणि मागे जाई. वाचणारे शमुवेलरावच असत. मुख्याध्यापक म्हणून घडलेला त्यांचा आवाज त्या ठिकाणी एकदाही हलला नाही. इतर माणसे त्या आज्ञेला कधी उठत नसत, आणि ती सगळीच निष्पाप होती असे मानण्याइतके शमुवेलराव भोळे नव्हते. म्हणून लज्जेच्या पोटात त्यांना आपल्या मुलाचा एक चोरटा अभिमानही वाटे: पोरगा पापी आहे, पण लबाड नाही.

शुक्रवारी चांगुणाच त्याला गाडीत घालून लोह्याहून घेऊन आली. शमुवेलरावांनी तिला उंबऱ्यात अडवले नाही. तशी ये असेही म्हटले नाही. ती आली, तिने मधल्या खोलीतली खाट खिडकीपाशी ओढली, आणि तेव्हापासून त्या घरात रोग्याला हात लावला तो तिनेच.

आता बाहेरच्या खोलीत चौघे बसले होते. शमुवेलराव, त्यांची कंधारला दिलेली मुलगी शिल्पा, शांतवनची लग्नाची बायको महानंदा, जी औशाच्या शाळेतून रजा काढून सकाळीच आली होती, आणि मंडळीचे तरुण पाळक प्रसन्नकुमार, ज्यांच्या मांडीवर पांढऱ्या रुमालात बांधलेली भाकर आणि द्राक्षारसाची लहान कुपी होती.

पाळकांनी आपले म्हणणे शांतपणे मांडले. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने आहे आणि ते विश्वासाने घ्यायचे आहे. आज्ञा पाळून कोणी देवाच्या घरात जागा मिळवत नाही. आज्ञा हा दिवा आहे. दिवा घरातली घाण दाखवतो. घाण काढणे हे दिव्याचे काम नव्हे.

शमुवेलरावांनी ते पूर्ण ऐकून घेतले. ऐकून घेतल्याशिवाय खोडायचे नाही, हा त्यांचा वर्गातला नियम होता.

"मान्य," ते म्हणाले. "पण दिवा लावला, घाण दिसली, आणि घरधन्याने झाडूला हात लावला नाही, तर त्याला घाण दिसली असं कसं म्हणायचं, पास्टर साहेब?"

"झाडू त्याच्या हातात नाहीच, आबा. सुवार्ता तीच आहे."

"झाडू नसेल. तोंड तर आहे? इथे घाण आहे, एवढं म्हणता येतं की नाही?"

त्यांची अट तेवढीच होती, आणि ती त्यांना किमान वाटत होती. शांतवनने पाळकांसमोर एकदा म्हणावे की ते नाते चुकले आणि ते संपले. विश्वासाने तारण होते हे ते स्वतः दहा वेळा व्यासपीठावरून बोलले होते. परंतु ज्या विश्वासाला पश्चात्तापाची साधी पालवीही फुटत नाही त्याला विश्वास म्हणण्यास त्यांची बुद्धी धजत नव्हती. त्यांच्या युक्तिवादात खोट नव्हती. खोट नव्हती म्हणूनच तो त्यांना सोडवत नव्हता.

शिल्पाला युक्तिवादाशी कर्तव्य नव्हते. तिला भाऊ हवा होता. इथे नाही तर तिथे तरी.

"आबा, तुम्ही वधस्तंभापाशी उभे असता तर येशूच्या शेजारच्या त्या चोराला म्हणला असता, आधी चोरीचा माल परत करून ये, मग बोलू."

"त्याचे हात खिळ्यांनी अडकले होते."

"आन् दादाचे? त्याला कूस बदलता येत न्हाई. ती बाई बदलून राहिली."

'ती बाई' या शब्दांवर तिघांनीही नकळत महानंदाकडे पाहिले. तिचे मत कोणी विचारले नव्हते, पण त्या खोलीतला सर्वांत मोठा हक्क तिचा होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होते.

महानंदा औशाहून निघाली तेव्हा सासऱ्यांच्या बाजूनेच बोलायचे ठरवून निघाली होती. इतकी वर्षे तिने मंगळसूत्र घालून, एकटीने, कोणाला काही म्हणू न देता काढली होती. त्या वर्षांना काही अर्थ असेल तर तो याच आज्ञेत होता. आज्ञा फुकट गेली तर तिची वर्षेही फुकट गेली. परंतु सकाळी तिने मधल्या खोलीच्या दारातून एक गोष्ट पाहिली. चांगुणा शांतवनला एका हाताने उचलून खालची चादर काढत होती आणि तो तिच्या खांद्यावर डोके टाकून डोळे मिटून पडला होता. त्यांचे तान्हे मूल गेल्यानंतर हाच माणूस महानंदाने पाठीवर हात ठेवला तरी अंग चोरून घेई, आणि तीही त्याला तशीच झटकी. दोघांनी एकमेकांत ते मूलच पाहिले, आणि दोघांना ते बघवले नाही. पाप त्यानंतर घडले. त्याच्या आधी जे घडले त्याला कोणत्याच आज्ञेत नाव नव्हते.

ती हळू बोलली, म्हणून सगळ्यांना पुढे वाकावे लागले.

"आबा, ते लोह्याला गेल्यावर फारकत द्यायला मी तयार होते. कागद करायला त्यांनी वकील बघितला होता. तुम्ही औशाला आलात. देवानं जोडलं ते माणसानं तोडू नये म्हणालात. आठवतंय?"

"आठवतं."

"फारकत झाली असती तर त्यांनी तिच्याशी लग्न लावलं असतं. आज सातव्या आज्ञेला उठायचं काही कारणच नसतं. दार आपण लावलं, आबा. मी आन् तुम्ही. आता आत का बसला म्हणून त्यांनाच विचारून राहिलो."

शमुवेलरावांनी चष्मा काढला. या वाक्याला उत्तर होते. त्यांना ते ठाऊकही होते. एका आज्ञेला वाट करून देण्यासाठी दुसरा नियम वाकवायचा नसतो. त्यांनी ते मनात जुळवले, शब्द निवडले, आणि समोर बसलेल्या सुनेच्या पांढऱ्या होऊ लागलेल्या केसांकडे पाहून गिळून टाकले. हरण्याची त्यांना सवय नव्हती. 

"काही विचारू नका त्याला," ते शेवटी पाळकांना म्हणाले. "भाकर द्या."

शिल्पा रडू लागली. महानंदा उठली आणि तिने मधल्या खोलीचे दार उघडले.

चांगुणा खाटेजवळ बसली होती. सगळे आत आलेले पाहताच ती उठून मागच्या अंगणात गेली. ती हटकराची लेक, ख्रिस्ती नव्हे. या माणसांच्या पूजेला आपली सावली नको, असे तिला वाटले. तिला थांब म्हणायला कोणाची जीभ वळली नाही.

पाळकांनी खिडकीतल्या स्टुलावर रुमाल पसरला. त्यांनी दोन ओळींची प्रार्थना केली आणि भाकर हातात घेतली. शांतवनचे डोळे उघडे होते. पिवळे, पण पूर्ण शुद्धीतले.

"आज्ञा ऱ्हायल्या," तो म्हणाला.

"आज त्यांची गरज नाही, शांतवनदादा."

"तयारी केल्याबिगर कसं घ्यावं? वाचा तुम्ही. आबा, तुम्हीच वाचा."

शमुवेलरावांना आज्ञा पाठ होत्या. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि म्हणू लागले. आवाज नेहमीचा, मध्ये थांबणे नेहमीचे. सहावी संपली. त्यांनी सातवीपाशी घाई केली. इतक्या वर्षांत प्रथमच दोन आज्ञांमध्ये श्वासभरही अंतर न ठेवता ते सरळ आठवीकडे निघाले.

"थांबा, आबा," शांतवन म्हणाला. "हितं मी उठत असतो."

त्याने कोपर टेकले. उठता येणे शक्यच नव्हते. शिल्पाने त्याला धरून खाली निजवले. मग त्याने भाकरीकडून तोंड फिरवले.

पाळक खाटेच्या कडेला बसले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि समजावले. आज्ञा रोग सांगते, वैद्य ख्रिस्त आहे. रोग ज्याला कळला त्याच्यासाठीच ही भाकर आहे. जो मागच्या बाकावर जाऊन बसतो त्याच्याकडेच प्रभू मेजावरून उठून येतो. ते मनापासून बोलत होते, आणि महिन्यापूर्वी हेच प्रवचनात बोलले तेव्हा मंडळीने माना डोलावल्या होत्या.

"इश्वास हाय का विचारता ना?" शांतवन म्हणाला. "हाय. लई हाय. तो माझ्यासाठी मेला, हे मला मोटारीच्या तारेवानी हाताला लागतं. पण ही भाकर घ्यायची म्हणजे माझ्या पापासाठी म्हणून घ्यायची. खरं का न्हाई?"

"खरं."

"मग मला चांगुणाला पाप म्हणावं लागतं. ती नसती तर पोर गेलं त्याच वर्षी मी हिरीत उडी टाकली असती. कुणाला ठावं न्हाई, तिला ठावं हाय. तिला पाप म्हणायला माझी जीभ उठत न्हाई, पास्टर साहेब. आन् मनात एक ठेवून तोंडानं एक बोलावं, तर खोट्या साक्षीच्या नववीला उठावं लागंल." त्याच्या ओठांच्या कडेला हसण्यासारखे काहीतरी आले. "बाकच नाही सुटायचा."

"तिला पाप म्हणू नका," पाळक म्हणाले. "देवासमोर आपण सगळेच रिकाम्या हातांनी येतो, एवढंच म्हणा."

"ते तुम्ही मला आत घ्यायला म्हणून राहिले. आबा तसं म्हणत नसत."

शमुवेलराव म्हणाले, "शांतू, मी म्हणतो. मी सांगतो, घे."

शांतवनने वडिलांकडे बराच वेळ पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आणि शमुवेलरावांना तो असता तर बरे वाटले असते. त्यांनी या मुलाला नियम शिकवला होता आणि मुलगा तो शिकवणाऱ्याहून अधिक काटेकोरपणे शिकला होता. आता शिकवणारा स्वतः येऊन फळा पुसू लागला तरी शिष्याच्या मनावरची अक्षरे पुसली जात नव्हती.

"तुम्ही माझी कीव करून राहिले, आबा," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

पाळकांनी भाकर पुन्हा रुमालात बांधली. संध्याकाळी परत येतो असे सांगून ते निघाले. फाटकापाशी ते काही वेळ थांबले. सगळे मानणारा, आणि एकाच गोष्टीला पाप म्हणू न शकणारा माणूस त्यांना शिक्षणात कोणी दाखवला नव्हता.

पुढे जे घडले ते शिल्पाने केले, आणि प्रेमाने केले.

तिच्या मनाने एक हिशेब मांडला. दादाला अडवते ती आज्ञा नाही. ती बाई आहे. ती डोळ्यांसमोर आहे तोवर तिच्याविरुद्ध त्याच्या तोंडून शब्द निघणार नाही. ती गेली, की म्हणायचे काही उरणारच नाही. गोष्ट आपोआप संपलेली असेल, आणि तो कोणाला न दुखवता हात पुढे करील. हे कळायला पाळक कशाला हवेत, असे तिला वाटले, आणि ती मागच्या अंगणात गेली.

चांगुणा नळाखाली चादरी घासत होती. शिल्पाने तिला नेहमीसारखे टाळले नाही. ती शेजारी उकिडवी बसली आणि भाकर, मेज, आज्ञा, दादाचा नकार, सगळे सांगितले. चांगुणाला त्यातले अर्धेच समजले. तिच्या घरी नवस फेडायला बोकड कापत; इथे कापायचे काय, ते तिला लवकर कळले.

"म्हणजे माझ्यापायी अडकलंय?" तिने विचारले.

"तुमच्यापायी न्हाई म्हणत मी. पण तुम्ही हितं असल्यावर त्याला म्हणता येत न्हाई."

"मी गेले तर तुमचा देव त्यांना घेईल?"

शिल्पाला पाळकांचे सगळे बोलणे आठवले. देव कशाच्या बदल्यात कोणाला घेत नाही, हे तिने लहानपणापासून ऐकले होते. प्रश्न सरळ होता आणि बाई तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"हाव," ती म्हणाली.

चांगुणाने चादर पिळली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. दर थोड्या वेळाने त्यांना डाव्या कुशीवर करायचे, पाणी चमच्यानेच द्यायचे, पायांना तेल लावले तरच झोप लागते, एवढे तिने सांगितले. आत जाऊन त्याला पाहून ये, असे शिल्पा म्हणाली. ती नको म्हणाली. पाहिले तर जाता येणार नाही. मागच्या दारानेच ती बाहेर पडली आणि कोपऱ्यावर रिक्षात बसली.

दिवेलागणीला शांतवनने पाणी मागितले. चमचा महानंदाच्या हातात होता. त्याने हात ओळखला आणि डोळे उघडले.

"चांगुणा कुठं हाय?"

शिल्पा पुढे आली. तिने जवळजवळ आनंदानेच सांगितले: ती आपण होऊन गेली, दादा, तुझ्यासाठी गेली, आता तुला कोणाला काही म्हणावे लागणार नाही, पास्टर साहेब येतच आहेत.

 शांतवनने चमच्यातले पाणी घेतले नाही. ते त्याच्या हनुवटीवरून उशीत उतरले आणि तो छताकडे पाहत राहिला. शिल्पा त्याच्या कानाशी तीच गोष्ट पुन्हा सांगू लागली, प्रत्येक वेळी थोड्या हलक्या आवाजात, आणि मग तिला सांगवेना.

"तू हे काय केलंस गं?" महानंदा म्हणाली.

"वैनी, तुमच्यासाठी तरी बरंच झालं ना?"

महानंदाने उशाजवळचा फोन उचलला. जिच्यामुळे तिचा संसार गेला असे ती जगाला सांगत आली होती, तिचा नंबर ती शांतवनच्या फोनमध्ये शोधू लागली. फोन लागला. मागे गाडीचा आवाज होता. लोह्याची बस नांदेडच्या बाहेर पडली होती.

"चांगुणाबाई, मी महानंदा. परत या. उतरा आन् परत या. ते तुम्हाला विचारून राहिले."



"नको, बाई," चांगुणा म्हणाली. "मी आले की ते पुन्हा अडकतील. त्यांचं सुटू द्या."

"तसं काही नसतं हो. तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"तुम्ही मोठ्या मनाच्या. पण नेम तो नेम."

तिने फोन ठेवला, आणि पुन्हा उचलला नाही. त्या घराचा नियम त्या घरातल्या कोणाहीपेक्षा तिने लवकर आत्मसात केला होता.

पाळक आले, तेव्हा शांतवनला हाक ऐकू येत होती. पापण्या हलत होत्या. त्यांनी भाकरीचा कण द्राक्षारसात भिजवून त्याच्या ओठांना लावला. ओठ घट्ट मिटले. शमुवेलरावांनी खाली वाकून मुलाच्या कपाळाला कपाळ लावले आणि कोणत्याही व्याकरणात न बसणारे काहीतरी ते बोलत राहिले. त्यातले 'शांतू' तेवढे इतरांना समजले. पाळकांनी मग कण आपल्या तळहातावर घेतला, आणि त्याचे काय करावे हे न सुचल्यामुळे ते तसाच हात धरून उभे राहिले.

रविवारी सकाळी, लोक चर्चकडे निघाले असताना, शांतवन गेला. त्या वेळी चौघेही खोलीत होते. त्याचे डोळे मात्र मागच्या दाराकडे होते, आणि त्याची मान वळवणे कोणालाही जमले नाही. शिल्पाने प्रयत्न केला, मग सोडून दिला.

मेजाची वेळ टळून गेली. पाळक उपासना आटोपून परत आले, तेव्हा शमुवेलराव अंगणातल्या लोखंडी खुर्चीवर बसले होते. रात्रभर त्यांनी आपला युक्तिवाद पायरीपायरीने पुन्हा तपासला होता. प्रत्येक पायरी जागेवर होती, आणि तरीही जिथे ते पोहोचले होते तिथे मुलगा मेलेला होता. आता त्यांना दुसऱ्या कोणाकडून तरी निकाल हवा होता.

"पास्टर साहेब, आडवळणानं बोलू नका," ते म्हणाले. "त्यानं विश्वास धरला, आणि भाकर नाकारली. तो तरला की नाही?"

पाळक देवाच्या दयेविषयी बोलू लागले. दया आज्ञेहून जुनी आहे, ती मेजापुरती बांधलेली नाही, असे ते म्हणत होते, आणि बोलता बोलता त्यांचाच आवाज बारीक होत गेला. शिल्पा उंबऱ्यात बसली होती. तिने वर पाहिले. तिलाही निकाल हवा होता, आणि तो आपल्यावर येऊ नये असेही वाटत होते.

महानंदा दोरीवरची वाळलेली चादर काढत होती. तिने ती काढून घडी घातली, काखेत धरली आणि सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली.

"ते तरले का न्हाई, ते देवाला माहीत, आबा," ती म्हणाली. "आपण त्यांना एकटं मारलं."